अंगावरचे विष उतरविण्याची शास्त्रीय रीत
(उच्च प्राथमिक वर्गांना सामान्य विज्ञान व आरोग्य शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

‘विष उतरविणे’ हा शब्दप्रयोग खेड्यातील प्रत्येक मुलाच्या कानावरून गेलेला असतो. सर्पदंश झाला की मांत्रिकाला बोलावणे जाते आणि कडुलिंबाचा डहाळा फिरवून विष उतरविण्याचा खटाटोप होतो. त्यात तथ्य नाही, हे शिक्षक वर्गात सांगतच असतो. परंतु विषाचा एक प्रकार असा आहे की तो अक्षरशः अंगावरून खाली उतरविता येतो, आणि वेळेवर उतरविला तर माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळच वाढते. जे विष अद्याप कपड्यांवर, केसांत किंवा त्वचेवर आहे, रक्तात पुरते गेलेले नाही, ते हे विष होय. ते दूर करण्याच्या क्रियेस इंग्रजीत डीकंटॅमिनेशन म्हणतात; मराठीत निर्दूषण म्हणता येईल.

कारखान्यात रसायनाची गळती झाली किंवा महामार्गावर टँकर उलटला, तर अग्निशामक दलाचे जवान तेथे धावून जातात. २००६ साली उभारण्यात आलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनाही या कामाचे खास शिक्षण दिले जाते. त्यांच्याजवळ हवाबंद पोशाख, श्वसनयंत्रे व फवारे असतात. खेड्यातील शिक्षकाजवळ यांपैकी काहीच नसते. असे असूनही हा विषय प्राथमिक शिक्षकासमोर मांडण्याचे कारण असे की, या जवानांच्या पद्धतीचा गाभा पोशाखात नसून क्रमात आहे. आधी काय करावयाचे, नंतर काय, आणि कशास मुळीच हात लावावयाचा नाही, हा तो क्रम होय. तो बादली, साबण आणि कात्री यांच्या साहाय्यानेही पाळता येतो.

त्याची गरज कोठे पडते, हे कपाशीच्या मुलखातील शिक्षकांस सांगावयास नको. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. उंच वाढलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्या माणसाच्या तोंडावर, मानेवर व सदऱ्यावर औषधाचे तुषार पडत राहतात. तो माणूस ओलाच घरी येतो, ओल्या कपड्यांनिशी बाजेवर पडतो, आणि मळमळ सुरू झाली की उन्हाची तिरीप लागली असे म्हणतो. विषबाधेच्या अशा प्रसंगी धावून येणाऱ्यांत शाळेचे गुरुजी किंवा बाई पुष्कळदा पहिल्या असतात. दवाखाना दूर असतो. शाळा जवळ असते.

ही औषधे शरीरात कशी जातात, याविषयी एक गैरसमज दृढ आहे. ‘तोंडात गेले नाही ना, मग काही नाही,’ असे लोक म्हणतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही फॉस्फरसयुक्त सेंद्रिय कीटकनाशके धडधाकट त्वचेतूनही आत शिरतात. शरीरात कोलिनेस्टरेज नावाचे एक विकर असते. मज्जातंतूने स्नायूला संदेश दिला की तो संदेश पुसून टाकण्याचे काम हे विकर करते. विष त्यालाच बांधून टाकते. मग संदेश पुसलाच जात नाही. लाळ गळते, डोळ्यांतून पाणी वाहते, दरदरून घाम सुटतो, उलट्या-जुलाब होतात, स्नायू थरथरतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात व शेवटी श्वास अडतो. सगळी त्वचा सारखीच शोषते असेही नाही. पॅराथिऑन या द्रव्यावर झालेल्या व १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, हाताच्या पुढच्या भागावर लावलेल्या द्रव्यापैकी सुमारे ९ टक्के शरीरात गेले, डोक्याच्या त्वचेवरून सुमारे ३२ टक्के गेले, आणि गुह्यभागाच्या त्वचेवरून जवळजवळ सर्वच गेले. पंप गळका असला की औषध पाठीवरून कमरेखाली झिरपते, ही गोष्ट या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी. हातपाय धुतले म्हणजे झाले, ही समजूत किती घातक आहे ते त्यावरून कळेल.

विष कसे पसरते हे मुलांना शब्दांनी समजावून सांगण्यापेक्षा दाखविणे बरे. गेरूची वस्त्रगाळ पूड एका मुलाच्या तळहातांस चोळावी व त्याला दहा मिनिटे नित्याप्रमाणे वागू द्यावे. मग सर्व वर्गाने लाल डाग शोधावेत. दाराच्या कडीवर, पाण्याच्या तांब्यावर, शेजाऱ्याच्या वहीवर, स्वतःच्या नाकावर, आणि बहुधा शिक्षकाच्या हजेरीपटावरसुद्धा ते सापडतात. डाग सापडू लागले की वर्गात हशा पिकतो. तो पिकू द्यावा. त्यानंतर ब्राझीलमधील गोयानिया शहराची हकीकत सांगावी. तेथे १९८७ च्या सप्टेंबर महिन्यात एका ओस पडलेल्या रुग्णालयातून दोघांनी यंत्राचा जड भाग भंगार म्हणून उचलून नेला. त्यात किरणोत्सारी सीझियमची पूड होती. अंधारात ती निळसर चमके. म्हणून लोकांनी ती नवलाईने हाताळली, अंगाला फासली, आप्तेष्टांना वाटली. सहा वर्षांच्या एका मुलीने तिने माखलेल्या हातांनी अन्न खाल्ले. चार जणांचा मृत्यू झाला. त्यांत ती मुलगीही होती. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली व २४९ जणांवर दूषण आढळले. मात्र त्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांचे दूषण केवळ कपड्यांवर व पादत्राणांवर होते. ती काढताच ते त्यातून मोकळे झाले. मुलांनी नुकतेच कडीवर व वहीवर पाहिलेले डाग आणि ही हकीकत यांचा संबंध शिक्षकाने वेगळा सांगण्याची गरज पडत नाही.

दुसरे उदाहरण मदत करणाऱ्याविषयीचे आहे. टोकियो शहरात २० मार्च १९९५ रोजी भुयारी रेल्वेच्या गाड्यांत सारीन नावाचे विष सोडण्यात आले. सारीन हे वर सांगितलेल्या कीटकनाशकांच्याच कुळातील, परंतु त्यांहून फार तीव्र द्रव्य आहे. डझनाहून अधिक माणसे मृत्यू पावली. सेंट ल्यूक रुग्णालयात त्या एका दिवशी ६४० रुग्ण आले, आणि पुष्कळसे आपल्या पायांनी किंवा मिळेल त्या वाहनाने आले. प्रारंभी कारण कोणास ठाऊक नव्हते. त्यांना अंगावरच्या कपड्यांसह आत घेण्यात आले. त्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेमुळे रुग्णालयातील कर्मचाऱ्यांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याला त्रास झाला. कोणाला अंधूक दिसू लागले, कोणाचे डोके दुखले, कोणाच्या घशात जळजळ झाली. सुदैवाने बहुतेकांचा त्रास सौम्य होता. विष प्यालेल्या माणसाच्या उलटीतूनही अशीच वाफ निघते. ज्याला वाचवावयाचे त्याच्या अंगावरून वाचविणाऱ्याच्या अंगावर विष येते, एवढे या उदाहरणावरून मुलांच्या लक्षात आले तर पुरे.

म्हणूनच प्रशिक्षित पथके घटनास्थळाचे तीन भाग पाडतात. विष जेथे सांडले तो धोक्याचा भाग. त्याच्या बाहेर, वाऱ्याच्या येत्या बाजूस व शक्यतो उंचावर, शुद्धीचा भाग. आणि त्याच्याही पलीकडे स्वच्छ भाग. धोक्याच्या भागातून कोणीही माणूस शुद्धीच्या भागातून गेल्यावाचून स्वच्छ भागात येत नाही. जवानही नाही. परतलेल्या जवानाचे बूट व बाहेरचे हातमोजे प्रथम धुतले जातात; नंतर पोशाख वरून खाली, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवितात; मुखवटा व आतले हातमोजे अगदी अखेरीस निघतात. शाळेच्या मैदानावर फक्कीने हे तीन भाग आखून, वाऱ्याची दिशा मूठभर माती उडवून ठरवून, मुलांकडून हा खेळ करवून घेता येईल. बाटली कोठे फुटली हे शिक्षकाने बदलावे, म्हणजे मुलांना दर वेळी वारा नव्याने पाहावा लागेल.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावे. फवारणीच्या औषधाने भिजलेला माणूस किंवा मूल समोर आले असता शिक्षकाने प्रथम दोन गोष्टी कराव्यात. इतर मुलांना वाऱ्याच्या येत्या बाजूस दूर पाठवावे, आणि कोणास तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यास सांगावे. हातांत रबरी मोजे घालावेत. ते नसतील तर प्लॅस्टिकच्या जाड पिशव्या मनगटापर्यंत बांधाव्यात. मग रुग्णाचे कपडे काढावेत. निर्दूषणाचा सर्वांत मोठा भाग याच एका क्रियेत उरकतो. अंगभर कपडे असतील तर दूषणाचे दहांपैकी आठ-नऊ भाग कपड्यांबरोबर निघून जातात असे साधारणतः मानतात. अर्थात, बनियन व लुंगीवर फवारणी करणाऱ्याच्या बाबतीत हा हिशेब लागू पडत नाही. त्याची उघडी त्वचाच माखलेली असते. सदरा बटणांचा असेल तर पुढून उघडून मागे उलटावा. बनियन डोक्यावरून कधीही ओढून काढू नये, कात्रीने पुढून कापावे. हे का, तेही गेरूने दाखविता येते. जुन्या बनियनवर बाहेरून गेरू चोळून एका मुलास ते नेहमीप्रमाणे डोक्यावरून काढावयास सांगावे. लाल पट्टा हनुवटीवरून ओठांवर, ओठांवरून पापण्यांवर उमटलेला सर्व वर्ग पाहतो. करदोटा, ताईत, बांगड्या, कमरेचा पट्टा आणि चपला हेही काढावयाचे. चामडे औषध पिऊन ठेवते. काढलेले सर्व सामान पिशवीत घालून तोंड बांधावे, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालावी व वेगळी ठेवावी. ते जाळू नये. धुरातही विष असते.

येथे एक अडचण उभी राहते व तिच्याविषयी उघडपणे लिहिणे प्राप्त आहे. चारचौघांत कपडे उतरविणे आपल्याकडे लज्जास्पद मानतात. बाईमाणूस असेल तर प्रश्नच मिटला. तिला ओल्या लुगड्यानिशी बैलगाडीत घालून तसेच नेतात, आणि दवाखाना येईपर्यंत ते लुगडे तिच्या अंगाला विष पाजीत राहते. या संकोचाला हसण्यात अर्थ नाही व त्याच्यापुढे हात टेकण्यातही नाही. शाळेत सतरंज्या असतात. दोन सतरंज्या चार जणींनी पाठमोऱ्या उभ्या राहून धरल्या की आडोसा होतो. शिक्षिका, अंगणवाडीताई किंवा शाळेत पोषण आहार शिजविणाऱ्या बाई यांपैकी कोणी आत जावे. मुलींच्या बाबतीतही हाच नियम. हे आयत्या वेळी सुचत नाही. कोण धरणार आणि कोण आत जाणार ते आधी ठरलेले असावे लागते. गावातील चार वडीलधाऱ्या बायांच्या कानावर ते एकदा घातले गेले तर पुढे कोणी बोट दाखवीत नाही. खेड्यात निर्दूषण अडून राहते ते साधनांवाचून क्वचितच; बहुधा या संकोचामुळेच अडते.

कपडे निघाले की पाणी. भरपूर, अंगाला सोसेल असे आणि सतत. कडक पाणी घेऊ नये, त्याने त्वचेतील रक्तप्रवाह वाढून शोषण वाढते. फार गार पाण्याने हुडहुडी भरते, लहान मुलाला तर लवकरच. डोके मागे झुकवून आधी केस धुवावेत, म्हणजे ओघळ डोळ्यांत व तोंडात जाणार नाहीत. मग वरून खाली यावे. कानांमागे, मानेच्या वळ्यांत, काखेत, बेंबीत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत व नखांखाली विष राहून जाते. साध्या पाण्याने तेलकट औषध निघत नाही. हातावर हळद-तेल चोळून नुसते पाणी ओतले तर मुलांना हे लगेच पटते. म्हणून साबण लावावा, पण मऊ फडक्याने व हलक्या हाताने. वज्री, काथ्या किंवा विटकर यांनी घासल्यास त्वचा खरचटते आणि विषाला आयतेच दार उघडते. पंधरा मिनिटे धुवावे. डोळ्यांत गेले असेल तर पापण्या उघड्या धरून पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची बारीक धार नाकाकडून कानाकडे सोडावी, म्हणजे एका डोळ्यातील घाण दुसऱ्यात जात नाही.

हे सर्व हापशाच्या ओट्यावर करू नये. तेथे पाणी जवळ असते हे खरे, परंतु धुतलेले पाणी हापशाच्या बुडाशीच मुरेल. हापशातून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी निघते. एकाने उपसावे, दुसऱ्याने वाहावे, आणि वीस-पंचवीस पावले उताराच्या बाजूस, गुरे पाणी पितात त्या जागेपासून दूर रुग्णास बसवावे. घाईत रुग्ण ओट्यावर बसविला गेलाच तर माणूस आधी वाचवावा. ओटा मागाहून धुता येतो. बेशुद्ध माणसास कुशीवर निजवून धुवावे व त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवावे. रुग्णवाहिका आली तर पंधरा मिनिटे पुरी होण्याची वाट पाहू नये. कपडे निघाले व एकदा अंग धुऊन झाले, की स्वच्छ चादरीत गुंडाळून पाठवून द्यावे.

पाणी ओतण्यापूर्वी थांबावयाचे असे काही प्रसंग आहेत. अंगावर पडलेले द्रव्य कोरडी पूड असेल तर ती आधी कोरड्या फडक्याने किंवा ब्रशने झटकावी. चुनकळीचे उदाहरण मुलांना ठाऊक असते. तिच्यावर पाणी पडले की ती उकळते, मग ती घामेजल्या मानेवर काय करील ते ती ओळखू शकतात. धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना ओल लागली की विषारी वायू सुटतो. त्यांची भुकटी कोरडीच झटकावी, आणि गोळ्या ठेवलेल्या कोंदट खोलीत माणूस पडलेला दिसला तर दारे-खिडक्या सताड उघडल्यावाचून आत शिरू नये. आम्ल अंगावर पडले असता सोडा चोळण्याची सूचना कोणी केल्यास ती मानू नये. त्या संयोगातून उष्णता निर्माण होते. तेथेही पाणीच.

वायूची गोष्ट काहीशी निराळी आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. हा वायू हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत पसरला, आणि लोक वाऱ्याच्याच दिशेने धावत राहिले. धापेबरोबर तो अधिकच आत गेला. वायूच्या प्रसंगी वाऱ्याला आडवे जावे, उंचावर जावे, नाकातोंडावर ओले फडके धरावे, आणि मोकळ्या हवेत पोहोचल्यावर डोळे धुवावेत. कपडे बदलणे हे तेथे दुय्यम आहे.

घरगुती उपायांची यादी लांबलचक आहे. रॉकेलने अंग पुसणे सर्वांत वाईट. तेलकट औषध रॉकेलमध्ये विरघळून त्वचेतून अधिक सहज आत जाते. ताक, तूप किंवा दूध पाजणे, मिठाचे पाणी देऊन किंवा घशात बोटे घालून ओकविणे, हेही टाळावे. अर्धवट शुद्धीतील माणसाच्या श्वासनलिकेत उलटी जाऊन तो दगावतो. उतारा डॉक्टरजवळ असतो. ॲट्रोपिनचे इंजेक्शन कोणत्या विषावर व किती द्यावयाचे हे त्यांना ठरविता यावे म्हणून औषधाचा डबा किंवा वेष्टन बरोबर पाठवावे. डब्यावरील चौकटीतील त्रिकोणाचा रंग मुलांनी पाठ करावा: लाल अत्यंत विषारी, पिवळा तीव्र विषारी, निळा मध्यम, हिरवा सौम्य. वेष्टन वाचता येणारी व्यक्ती घरात पुष्कळदा ते मूलच असते. वडिलांना इंग्रजी नाव वाचता आले नाही तरी त्रिकोणाचा रंग मूल सांगू शकते.

फवारणीचे कपडे घरी कोठे जातात, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. बहुतेक ठिकाणी ते मुलांच्या गणवेशाबरोबर एकाच बादलीत भिजतात व एकाच दगडावर आपटले जातात. कोणाच्याही घरावर ठपका न ठेवता, ‘वेगळी बादली, वेगळा दगड, आणि धुणाऱ्या आईच्या हातांवर पिशवी’ एवढेच मुलांकडून घरी सांगविले तरी पुरे. रिकाम्या डब्यातून पाणी किंवा रॉकेल आणण्याची सवय मात्र शिक्षकाने स्वतः पालकांशी बोलूनच मोडावी. मुलाच्या तोंडून ती गोष्ट गेली तर घरात मुलालाच बोलणी बसतात.

शाळेच्या प्रथमोपचारपेटीत आयोडीन व पट्ट्या असतातच. त्यांच्या जोडीस रबरी मोज्यांचे दोन जोड, जाड प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्या, बोथट टोकाची कात्री, साबणाच्या दोन वड्या, एक मऊ ब्रश व एक स्वच्छ जुनी चादर ठेवावी. या वस्तू पेटीत मावत नाहीत. त्यांना झाकणाची बादलीच घ्यावी, म्हणजे प्रसंगी बादलीही हाताशी येते. ती कुलपात असू नये. शाळा उघडल्यावर, फवारण्या सुरू होण्यापूर्वी, जूनअखेरीस एकदा तालीम घ्यावी. त्या दिवशी रुग्णाचे सोंग घेणारा मुलगा बहुधा वर्गातला सर्वांत खोडकर मुलगा निघेल. त्याच्या अंगावर गेरूचे पाणी शिंपडावे, आणि पंधरा मिनिटे धुऊन झाल्यावर त्याच्या कानांमागे व नखांखाली लाल रंग किती उरला ते मुलांनाच तपासू द्यावे.